कायझेनचं पोस्टर लागायच्या आधी पेटंटचा विचार करा

कंपनीत आयपीचं, म्हणजे पेटंट वगैरे बौद्धिक संपदेचं, काम नव्याने गळ्यात पडलंय अशांसाठी लिहितोय. पेटंट म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच असेल, त्यामुळे सरळ त्या गोष्टीवर येतो जिने आमचा घात केला. कायझेन स्पर्धा, म्हणजे कामगारांनी कामात केलेल्या छोट्या-छोट्या सुधारणांची स्पर्धा.

आमच्या गोव्यातल्या वेर्ण्याच्या औषधांच्या प्लांटमध्ये पावसाळ्यात दमट हवेने कॅप्सूल चिकटायच्या, ब्लिस्टर मशीनच्या (कॅप्सूल पाकिटांत भरणाऱ्या) श्यूटमध्ये, म्हणजे त्या घसरत खाली येतात त्या पन्हाळीत, अडकायच्या आणि ऑपरेटर हातात काडी घेऊन उभाच. एका फिटरने श्यूटच्या तोंडाशी पत्र्याची वाकवलेली, जराशी हलणारी पट्टी बसवली आणि अडकणं जवळपास बंद झालं. सगळे खूश. बाहेरच्या स्पर्धेला पाठवलं, ड्रॉइंगसकट पोस्टर लागलं, बक्षीस मिळालं, फोटो लिंक्डइनवर गेले. पेटंटचा विषय निघाला तो नंतर, मशीनवाले त्या पट्टीची चौकशी करायला लागले तेव्हा. पेटंट एजंटने पोस्टर बघितलं आणि विषय तिथेच संपला, कारण शोध आधीच जगापुढे उघड झाला होता. मला ते आजही लागतं.

म्हणून परत परत सांगतो, नवेपणा बघतात तो अर्ज केला त्या तारखेला. नेटवर वाचून लोक म्हणतात शोध उघड केल्यावर अर्ज करायला बारा महिने सूट असते, पण तशी सरसकट सूट अमेरिकेत आहे. आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम 31 ची सूट फार तोकडी, म्हणजे केंद्र सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्संस्थेपुढे वाचलेला पेपर, अशा मोजक्या गोष्टींनाच. स्पर्धेचं पोस्टर, बाहेरच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ, गुप्ततेचा करार न करता व्हेंडरला दाखवलेलं मशीन, यातलं काहीच त्यात बसत नाही. प्लांटमध्ये आपापसात बोलल्याने मात्र काही जात नाही, उगाच लोकांची तोंडं बंद करू नका. फक्त कायझेनचा प्रत्येक कागद गेटबाहेर जायच्या आधी तुमच्या टेबलावरून जाऊ दे.

आता लोक सांगतच नाहीत हे दुखणं. त्या फिटरला विचारलं तर म्हणाला, "तातूंत कितें व्हडलें?" म्हणजे त्यात काय मोठंसं? संशोधन म्हटलं की त्यांना दोना पावलाची एनआयओ ही समुद्रविज्ञान संस्था नाहीतर झुआरीनगरचं बिट्स हे इंजिनिअरिंग कॉलेज आठवतं, स्वतःचा पाना आठवत नाही. ईमेल पाठवून काही होत नाही. चहाच्या वेळी लाईनवर जा आणि विचारा की कुठे अडत होतं, मग काय केलंस. एक पानी फॉर्म ठेवा, मराठी-कोकणीत चालेल, लिहायला जमत नसेल तर तुम्ही लिहून घ्या, तारीख आणि सही तेवढी घ्या. माझ्या मते जुना ऑपरेटर या कामात कुठल्याही सल्लागारापेक्षा मोठा गुरू असतो. आणि उत्तर द्या, नकार असला तरी कारणासकट द्या, कारण एकदा कागद ड्रॉवरमध्ये पडून राहिला की तो माणूस परत येत नाही.

बक्षीस पेटंट ग्रँट (मंजूर) झाल्यावर देऊ म्हणू नका, त्याला वर्षं जातात. काही रक्कम अर्ज केल्यावरच द्या, आणि पुढे लायसन्सचे पैसे आले तर त्यातला वाटा काय तो आधीच लिहून ठेवा.

शॉर्टकट म्हणून दोन परिच्छेदांचं प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज, टाकून मोकळे होणारे बरेच दिसतात. मला ते अजिबात पटत नाही. त्यात जे लिहिलेलंच नाही त्याला त्या अर्जाची तारीख मिळत नाही, आणि पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, 12 महिन्यांत द्यावंच लागतं. नीट लिहा, घाबरायचं काही नाही, गोव्याचे अर्ज मुंबई ऑफिसकडे जातात आणि ते ऑनलाइन करता येतात.

शोधक म्हणून साहेबांचं नाव घुसवू नका. ज्याने डोकं चालवलं त्याचंच नाव.

आणि कॉन्ट्रॅक्टवरचे कामगार, आयटीआयचे अप्रेंटिस, इंटर्न. आपल्या पेटंट कायद्यात नोकराचा शोध आपोआप मालकाचा होतो असं कलम नाही, सगळं करारावर चालतं, आणि यांच्या हातात तुमच्या कंपनीचं अपॉइंटमेंट लेटर नसतंच. असा कुणी काही घेऊन आला तर अर्जाआधी त्याच्याशी हक्क सोपवण्याचा वेगळा कागद करा, आणि त्यात त्याला काय मिळणार तेही स्पष्ट लिहा.