“डबा खायला जागा आहे का?”

संग्रहालयात रुजू झाले तेव्हा डोक्यात मूर्ती, नाणी आणि पोथ्या होत्या. पहिल्या महिन्यात हातात पडली ती विजेच्या बिलांची फाइल. एका छोट्या ट्रस्टचं संग्रहालय, माणसं सहा, तिकीट २० रुपये. वर्षभराच्या तिकिटांत पहारेकऱ्यांचे पगारही निघत नव्हते. डिप्लोमा करून या क्षेत्रात येणाऱ्यांना म्हणूनच आधी सांगते: वस्तूंची नोंदवही वाचता तशीच जमाखर्चाची वहीही वाचा.

धंद्याचं डोकं लावायचं म्हटलं की आमच्यातले जुने लोक बिचकतात, आणि त्यात चूक काही नाही. आयकॉम या संग्रहालयांच्या जागतिक संघटनेने २०२२ साली प्रागमध्ये स्वीकारलेल्या व्याख्येतही संग्रहालय ही ना-नफा संस्थाच आहे. पण ना-नफा म्हणजे शिल्लक टाकू नये असं नव्हे. शिल्लक पडली तरच पावसाळ्यात कोठीघरातली ओल काढणारं यंत्र दिवसरात्र चालू ठेवता येतं.

मला खरं शिकवलं ते फोनने. सहलीच्या दिवसांत शाळांचे फोन यायचे. मी उत्साहाने शस्त्रांचं दालन, दिव्यांचं दालन असं सांगू लागायची आणि पलीकडच्या बाई मध्येच विचारायच्या, “डबा खायला जागा आहे का? मुलींसाठी स्वच्छतागृह किती?” आमच्याकडे एकच होतं. पन्नास मुलांची बस आली की रांग फाटकापर्यंत जायची. त्या वर्षी नव्या काचपेट्यांसाठी ठेवलेले पैसे आम्ही मागच्या पडवीवर छप्पर घालायला आणि स्वच्छतागृहांना वापरले. विश्वस्तांची समजूत काढायला तीन बैठका लागल्या. शाळा मात्र परत येऊ लागल्या.

दुकानात आधी चुकलो. संग्रहालयाचं नाव छापलेले मग आणि किचेन मागवले. त्यांची खोकी बराच काळ जिन्याखाली पडून होती. मग सावंतवाडीला गेले. तिथल्या राजवाड्यात कारागीर बसून गंजिफा या जुन्या पत्त्यांच्या खेळाची पानं रंगवतात, बघणारा थांबतो, विचारतो आणि घेतो. आमच्याकडे सोंगट्यांचा एक जुना कापडी पट आहे, अधिक चिन्हाच्या आकाराचा, कडेची लाल पट्टी विटलेली. गावातल्या बचत गटाच्या बायकांना तो काचेबाहेरून मोजून दिला. त्यांनी तसेच पट शिवले, सोबत कवड्यांची पुरचुंडी. पडवीत एक पट कायम मांडून ठेवतो. आजोबा नातवाला डाव शिकवतात, आणि जाताना पट घरी जातो. तिकिटावर जीएसटी नाही, पण दुकानाच्या विक्रीचे नियम वेगळे, म्हणून तो हिशेब स्वतंत्र ठेवा.

देणगीदाराला आयकरात सवलत मिळावी म्हणून ८०जी नावाने ओळखली जाणारी नोंदणी आणि कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) निधीसाठी सीएसआर-१ ही नोंदणी आधी करून घ्या. कागद नसताना मागायला गेलं तर बोलणं तिथेच थांबतं. मुंबईतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा अभ्यास जरूर करा. १८७२ साली खुल्या झालेल्या त्या वास्तूचा जीर्णोद्धार महापालिका, वारसा जतनाचं काम करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून केला आणि २००८ मध्ये ती पुन्हा उघडली. कोणाची जबाबदारी कुठवर, हे करारात लिहिलेलं असलं की काम पुढे सरकतं.

नाही म्हणायलाही शिकावं लागतं. चांगलं भाडं मिळतंय म्हणून एकदा लग्नाआधीच्या फोटोंसाठी दालन दिलं. दिव्याचा स्टँड लाकडी झोपाळ्याला घासला आणि कोरीव पोपटाच्या चोचीचा नखाएवढा टवका उडाला. तो मी कागदात गुंडाळून, तारीख घालून जपून ठेवला आहे. त्यानंतर दालनं भाड्याने दिली नाहीत, अंगण देतो. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो, पण कायदा नसता तरी त्या झोपाळ्यासमोर उभं राहवलं नसतं.

यंदा डिसेंबरचे शनिवार शाळांच्या सहलींनी ऑक्टोबरमध्येच भरले. आता आणखी एक टाकी बसवायची आहे, दुपारी मुलींच्या बाजूला पाणी संपतं.