आपल्या भागातला रेल्वेमार्ग नेमका कुठे अडला आहे, हे कागदांवरून कसे शोधावे

नवा रेल्वेमार्ग मंजूर झाला की गावोगावी एकच प्रश्न विचारला जातो, ‘गाडी कधी येणार?’ कार्यालयांकडून त्यावर ‘काम प्रगतिपथावर आहे’ एवढेच उत्तर मिळते आणि त्यातून काहीच कळत नाही. रेल्वेच्या कामावर देखरेख करणाऱ्या यंत्रणा अनेक आहेत, प्रत्येकीचा कागद वेगळा आहे आणि त्यातले बरेचसे कागद सामान्य नागरिकाला पाहता येतात. अहिल्यानगर–बीड–परळी वैजनाथ हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला. आष्टीपर्यंत गाडी यायला सप्टेंबर २०२२ उजाडला आणि बीडपर्यंत यायला १७ सप्टेंबर २०२५. एवढ्या काळात दोन पिढ्यांनी आंदोलने केली. विलंबाचे कारण नेमके कोणत्या कार्यालयात आहे हे कळले, तर त्या शक्तीला दिशा मिळते, म्हणून हा मार्ग उदाहरणादाखल घेऊन पुढील पद्धत सांगत आहे.

सर्वांत आधी प्रकल्प खरोखर मंजूर आहे की केवळ त्याचे सर्वेक्षण मंजूर आहे, हे पाहावे. वृत्तपत्रांतील ‘रेल्वेमार्गाला हिरवा कंदील’ अशा मथळ्यांपैकी अनेकांच्या मुळाशी फक्त सर्वेक्षणाचा आदेश असतो. सर्वेक्षणानंतर सविस्तर प्रकल्प अहवाल होतो, त्यात अपेक्षित वाहतूक आणि परतावा मांडला जातो, मग नीती आयोग, अर्थ मंत्रालय आणि मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत केंद्रीय मंत्रिमंडळ यांच्याकडे प्रस्ताव फिरतो. या टप्प्यावर वर्षानुवर्षे थांबलेल्या मार्गांसाठी निधीची मागणी करणे व्यर्थ असते. तिथे अहवाल कोणाकडे प्रलंबित आहे हेच विचारायला हवे.

मंजूर कामांची यादी ‘पिंक बुक’मध्ये, म्हणजे रेल्वेच्या कामांच्या आणि त्यांवरील तरतुदींच्या वार्षिक पुस्तकात असते. १९२४ पासून चालत आलेला स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प २०१७ मध्ये सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला, तेव्हापासून लोकसभेत एकेका मार्गावर होणारी चर्चा आटली, असे माझे मत आहे. त्यामुळे पिंक बुकचे महत्त्व अधिकच वाढले. अर्थसंकल्पानंतर हे दस्तऐवज भारतीय रेल्वेच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात. इथे बहुतेकांची पहिली गफलत होते: रेल्वे आपली कामे राज्यनिहाय नव्हे, तर विभागनिहाय मांडते. महाराष्ट्रात मध्य, पश्चिम, दक्षिण मध्य आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे जाळे आहे आणि कोकण रेल्वे महामंडळ त्याहून निराळे आहे. परळी वैजनाथ स्थानक दक्षिण मध्य रेल्वेत येते, पण बीडचा मार्ग मध्य रेल्वे बांधत असल्यामुळे त्याची नोंद मध्य रेल्वेच्या पुस्तकात शोधावी लागते.

पुस्तक उघडल्यावर ‘नवीन मार्ग’, ‘दुहेरीकरण’, ‘गेज रूपांतर’, ‘वाहतूक सुविधा’, ‘रस्ता सुरक्षा’ अशी शीर्षके दिसतात. आपल्या कामासमोर समावेशाचे वर्ष, अपेक्षित खर्च, मागील मार्चअखेरपर्यंत झालेला खर्च आणि नव्या वर्षाची तरतूद असे रकाने असतात. आकडे हजार रुपयांत असतात, हे विसरू नये. म्हणजे तरतुदीच्या रकान्यात नुसता ‘१’ असेल, तर त्या कामाला वर्षभरासाठी एक हजार रुपये दिलेले असतात आणि ते काम केवळ यादीतून पुसले जाऊ नये म्हणून ठेवलेले असते. अपेक्षित खर्चातून झालेला खर्च वजा करावा आणि उरलेल्या रकमेला यंदाच्या तरतुदीने भागावे. जो भागाकार येईल, तितकी वर्षे याच गतीने लागतील. कोणत्याही भाषणातल्या तारखेपेक्षा हा आकडा अधिक प्रामाणिक असतो. मागील पाच वर्षांची पुस्तके शेजारी ठेवून हाच हिशेब केला, तर खर्चाचा अंदाज कधी वाढला आणि निधी कोणत्या वर्षी आटला, हेही दिसते. अलीकडे अनेक छोटी कामे एका मोठ्या एकत्रित नोंदीखाली घातली जातात. तसे असल्यास आपल्या पुलाचा किंवा फलाटाचा स्वतंत्र उल्लेख सापडणार नाही आणि तो माहिती अधिकारातच मागावा लागेल.

रेल्वेची तरतूद भरपूर दिसत असूनही काम हलत नसेल, तर नजर राज्याकडे वळवावी. बीडच्या मार्गात निम्मा खर्च महाराष्ट्र शासनाने उचलायचा आहे. राज्याचा हिस्सा वितरित करण्याचे शासन निर्णय गृह विभागाच्या परिवहन शाखेकडून निघतात आणि शासनाच्या संकेतस्थळावर मराठीत वाचायला मिळतात; त्यांच्या तारखा आणि रकमा नोंदवून ठेवाव्यात. भूसंपादन जिल्हाधिकारी कार्यालयाकडून होते. केंद्राने ‘विशेष रेल्वे प्रकल्प’ म्हणून अधिसूचित केलेल्या कामांना रेल्वे अधिनियमातील कलम २०-अ आणि पुढील कलमे लागू होतात. ज्याची जमीन जाते त्याने यातली एक मुदत पक्की लक्षात ठेवावी: अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत हरकत नोंदवता येते, त्यानंतर ती संधी जाते.

माहिती अधिकाराचा अर्ज यानंतर करावा, आधी नव्हे. हातात पिंक बुकचे आकडे असले की प्रश्न धारदार होतात. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर दहा रुपये शुल्क भरून संबंधित विभागीय रेल्वेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. ‘काम का रखडले?’ असे विचारू नये, कारण कारणमीमांसा करून देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही आणि अर्ज तिथेच निकाली निघतो. त्याऐवजी अमुक किलोमीटर ते अमुक किलोमीटर या टप्प्याचा अद्ययावत प्रगती अहवाल, कंत्राटदाराला दिलेल्या मुदतवाढीच्या आदेशांच्या प्रती, ताब्यात आलेल्या आणि न आलेल्या जमिनीचा गाववार तक्ता, राज्य शासनाशी निधीबाबत झालेला पत्रव्यवहार, अशी अस्तित्वात असलेली कागदपत्रे नावानिशी मागावीत. उत्तर अपुरे असेल तर तीस दिवसांत प्रथम अपील आणि त्याच्या निर्णयानंतर नव्वद दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

खासदाराकडे जाताना निवेदनापेक्षा तयार प्रश्न घेऊन जाणे अधिक उपयोगी ठरते. संसदेत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे संकेतस्थळावर कायम राहतात. मंत्रालयाच्या बहुतेक उत्तरांत ‘प्रकल्पाची पूर्तता भूसंपादन, वन विभागाची परवानगी, वैधानिक मंजुऱ्या, भूगर्भीय परिस्थिती अशा अनेक घटकांवर अवलंबून असते’ असा ठरलेला परिच्छेद असतो. तो टाळायचा असेल, तर प्रश्नातच किती हेक्टर जमीन बाकी आहे, राज्याचा किती हिस्सा थकला आहे असे आकडे विचारावे लागतात. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजेच कॅग, यांचे रेल्वेविषयक अहवालही वाचावेत. त्यांवर संसदेची लोकलेखा समिती रेल्वे मंडळाकडून जाब मागते.

रूळ टाकून झाले म्हणजे प्रवासी गाडी सुरू होते, असे नाही. रेल्वे अधिनियम, १९८९ नुसार नवा मार्ग प्रवासी वाहतुकीसाठी उघडण्यापूर्वी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी आवश्यक असते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत आणि ते योग्यच आहे, कारण जो गाडी चालवतो त्यानेच ती सुरक्षित असल्याचा दाखला देऊ नये. तपासणीत पूल, रूळ, सिग्नल पाहिले जातात, वेगाची चाचणी होते आणि मंजुरी अनेकदा वेगमर्यादा व अटींसह मिळते. उद्घाटनासाठी ही पायरी घाईने उरकण्याचा आग्रह कोणीही धरू नये. मुंबई, पुणे आणि नागपूरच्या मेट्रोंसाठी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांचे प्रमाणपत्र लागते, तेही याच कारणाने.

वाहतूक सुरू झाल्यानंतरही आयुक्तांचे काम संपत नाही. प्रवासी गाडीच्या गंभीर अपघाताची चौकशी तेच करतात. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात झालेल्या भीषण अपघाताच्या चौकशीत सिग्नलच्या वायरिंगमध्ये बदल करताना झालेल्या चुका पुढे आल्या आणि रेल्वे मंत्रालयाने हा निष्कर्ष राज्यसभेतील उत्तरात मांडला. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये गाड्या रुळांवरून घसरण्याविषयीचा कॅगचा अहवाल संसदेत सादर झाला होता. आयुक्तांच्या अशा अपघात-चौकशीच्या वेळी ठिकाण आणि तारीख जाहीर करून लोकांना साक्ष देण्याचे आवाहन केले जाते. ज्याने घटना पाहिली असेल, किंवा त्या फाटकाविषयी वा रुळाविषयी आधी तक्रार केलेली असेल, त्याने तक्रारीची पोच घेऊन तिथे हजर व्हावे. येता आले नाही तर लेखी निवेदन टपालाने आयुक्तांच्या कार्यालयाकडे पाठवावे.