निकेलच्या टाकीवर नवीन आहात? ब्राइटनरचा कॅन जरा लांब ठेवा

डेकोरेटिव्ह निकेल, म्हणजे करंट देऊन धातूवर चढवायचा चकचकीत निकेलचा थर, शिकायला येणारी मुलं साधारण दोन प्रकारची असतात. एक बी.एस्सी. केमिस्ट्री किंवा डिप्लोमा करून आलेली. त्यांना फॅरेडेचा नियम पाठ असतो, पण जॉब (थर चढवायचा भाग) हूकला कसा अडकवायचा ते माहीत नसतं. दुसरी बफिंगवरनं (पॉलिशिंगवरनं) किंवा आयटीआयमधनं आलेली. त्यांचा हात बसलेला असतो, पण पीएच वाढला की मिस्त्रीकडं बघतात. एक खोड मात्र दोघांनाही लवकर लागते: जॉब निस्तेज आला की ब्राइटनरचा, म्हणजे थराला चकाकी देणाऱ्या रसायनाचा, कॅन उचलायचा. ती लागू नये म्हणून हे लिहितोय.

कोल्हापुरात हे काम शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी आणि शहरातलं उद्यमनगर या पट्ट्यात मिळतं. इथला मूळ धंदा फाउंड्रीचा, त्यामुळं पितळेच्या नळांबरोबर बिडाचे (कास्ट आयर्नचे) जॉबही प्लेटिंगला येतात. बीड हे प्लेटिंगवाल्याची परीक्षा बघणारं प्रकरण आहे. त्याच्या बारीक छिद्रांत ॲसिड आणि टाकीतलं पाणी मुरून बसतं आणि जॉब पॅक होऊन गेल्यावर काही दिवसांनी तिथनं डाग फुटतात. ॲसिडमध्ये जास्त वेळ ठेवलं की लोखंड विरघळून वर ग्रॅफाइटची काजळी उरते, आणि त्या काजळीवर निकेल धरत नाही. म्हणून बिडाला ॲसिडची डुबकी थोडक्यात आणि मधलं धुणं दणकून. गरम पाणी, गार पाणी, पुन्हा गरम पाणी असं केलं तर छिद्रांतला माल बऱ्यापैकी बाहेर येतो.

आता टाकी. आपण सगळे जे वापरतो ते मुळात वॉट्स बाथ (बाथ म्हणजे टाकीतलं द्रावण). विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ऑलिव्हर वॉट्स यांनी 1916 साली तो मांडला आणि आजही पाया तोच आहे. लिटरला निकेल सल्फेट 240 ते 300 ग्रॅम, निकेल क्लोराइड साधारण 45 ते 60 ग्रॅम, बोरिक ॲसिड 40 ते 45 ग्रॅम. तापमान 55 ते 60 अंश, पीएच 4 ते 4.5. सल्फेटमधनं मुख्य निकेल मिळतं, क्लोराइडमुळं ॲनोड (टाकीत टांगलेलं निकेल) नीट विरघळतो आणि करंट सहज वाहतो, बोरिक ॲसिड जॉबच्या पृष्ठभागालगतचा पीएच सांभाळतं. 500 लिटरची टाकी लावायची तर सल्फेट 135 किलो, क्लोराइड 25 किलो, बोरिक 20 किलो असा हिशेब धरा.

लावताना घाई करू नका. टाकी पॉलिप्रॉपिलीनची किंवा रबर लायनिंगची. नवीन असली तरी आधी गरम पाण्यात सौम्य सल्फ्युरिक ॲसिड घालून धुऊन घ्या. पाणी डीएम प्लांटचंच, म्हणजे क्षार काढलेलं. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम टाकीत साठत जातं आणि कॅल्शियम सल्फेटचं वागणं उलटं आहे: पाणी तापलं की ते कमी विरघळतं. मग जॉबच्या वरच्या बाजूला बारीक खरखर येते आणि पोरं दिवसभर फिल्टर बदलत बसतात. टाकी दोन तृतीयांश भरून पाणी साठ अंशांपर्यंत तापवायचं, सल्फेट आणि क्लोराइड विरघळवायचं, मग ढवळत ढवळत बोरिक. गार पाण्यात बोरिक टाकलं तर ते तळाशी बसून राहतं. हिवाळ्यात रात्री हीटर बंद राहिला की सकाळी ॲनोडवरच्या कापडी बॅगवर पांढरे खडे दिसतात, तेही बोरिकच. पाणी तापलं की पुन्हा विरघळतं. घाबरून नवीन बोरिक ओतू नका.

बाजारातले क्षार शंभर टक्के शुद्ध नसतात, म्हणून ब्राइटनर घालायच्या आधी बाथची सफाई करावी लागते. निकेल कार्बोनेटनं पीएच पाचाच्या वर न्यायचा, लिटरला एखादा मिली हायड्रोजन पेरॉक्साइड घालून तासभर ढवळायचं, मग लिटरला दोन-तीन ग्रॅम ॲक्टिव्हेटेड कार्बन. चांगलं ढवळून रात्रभर बसू द्यायचं आणि सकाळी फिल्टरमधनं पाणी दुसऱ्या स्वच्छ टाकीत घ्यायचं. लोखंड हायड्रॉक्साइड होऊन मागं राहतं, सेंद्रिय घाण कार्बन धरून ठेवतो. नंतर सौम्य सल्फ्युरिकनं पीएच चारवर आणून डमी लावायची: घड्या पाडलेला पत्रा, चौरस डेसिमीटरला 0.2 ते 0.5 अँपिअर. तांबं आणि जस्त या कमी करंटवर आधी चढतात. पत्र्याच्या खाचांतला काळपटपणा गेला की टाकी तयार. पीएच वाढवायला कॉस्टिक सोडा वापरू नका. जिथं थेंब पडेल तिथं निकेल हायड्रॉक्साइडचा गाळ होतो.

ढवळण्यासाठी हवा लागते, ती लो प्रेशर ब्लोअरची. कंप्रेसरची हवा जोडून पैसे वाचवणारे भेटतील, पण त्या हवेबरोबर तेल येतं आणि पुढं पिटिंगचं (थरातल्या बारीक खड्ड्यांचं) खापर वेटिंग एजंटवर (जॉबवरचे बुडबुडे सुटायला घातलेल्या रसायनावर) फुटतं. ॲनोडला टायटॅनियम बास्केट, त्यावर पॉलिप्रॉपिलीनची बॅग. बास्केटमध्ये निकेलचे तुकडे कायम वरपर्यंत भरलेले असावेत.

करंट अंदाजानं लावायचा नाही. 10 बाय 5 सेंटीमीटरची पट्टी दोन्ही बाजू धरून एक चौरस डेसिमीटर. रॅकवर अशा वीस पट्ट्या असतील आणि आपण चौरस डेसिमीटरला 4 अँपिअरवर चालवत असू तर मीटरवर 80 दिसायला हवेत. निकेलचा हिशेब सोपा आहे: चौरस डेसिमीटरला एक अँपिअर एक तास दिला तर पूर्ण कार्यक्षमतेला साधारण 12.3 मायक्रॉन चढतं. म्हणजे 4 अँपिअरवर 20 मायक्रॉनला पंचवीसेक मिनिटं. पण ही सरासरी. धारेवर जास्त चढतं, खाचेत कमी. पार्टी तपासताना नेमकी खाचेत मोजते.

आता मूळ मुद्दा. पितळेचे नळ निघत होते आणि बॉडीच्या आतल्या वळणात करडी झाक येत होती. बाहेरनं आरसा, आत धूर बसल्यासारखं. नवा मुलगा ब्राइटनरचं माप भरून टाकीजवळ पोचलासुद्धा. आमच्या मिस्त्रींनी त्याच्या हातातलं माप काढून घेतलं, ओला जॉब ट्यूबलाइटखाली तिरका धरला आणि म्हणाले, "अरं, वरनं चकाकतंय न्हवं? मग ब्राइटनर कमी कसा? आत काळं पडलंय म्हंजे पाण्यात तांबं आलंय. खाली काय पडलंय ते बघ आधी." दाताळं घालून तळ ओढला तर हूकवरनं निसटलेले पितळेचे दोन नट आणि एक स्पिंडल वर आलं. नटांचे कोपरे ॲसिडिक पाण्यानं खाऊन गोल झाले होते. तुकडे काढले, रात्रभर डमी लावली, दुसऱ्या दिवशी माल सुटला. ब्राइटनर घातला असता तर थर कडक झाला असता, टाकीत सेंद्रिय घाण वाढली असती आणि तांबं तिथंच राहिलं असतं. आणि हो, पितळ चुंबकाला चिकटत नाही, तिथं दाताळंच लागतं. लोखंडी जॉबसाठी दोरीला बांधलेला चुंबक रोज संध्याकाळी फिरवायचा.

टाकीच्या डॉक्टरकीत दोष कुठं दिसतो हे आधी बघायचं. कमी करंटच्या जागी, म्हणजे खाचेत, काळपट असेल तर तांबं, जस्त किंवा शिसं. खाचेत निकेल चढलंच नाही किंवा सोलून निघतंय, तर क्रोमचा संशय घ्या. क्रोमच्या टाकीतनं आलेला रॅक नीट न धुता निकेलमध्ये गेला की अगदी थोड्या क्रोमनंही हे होतं. धारेवर जळल्यासारखं होत असेल तर तापमान कमी, बोरिक कमी किंवा करंट जास्त. सगळीकडं खरखर असेल तर फिल्टर, फाटलेली बॅग किंवा लोखंड. आणि निकेल पापुद्र्यासारखं उचकटत असेल तर बहुतेक वेळा निकेलच्या टाकीचा दोषच नसतो, गडबड आधीच्या टाक्यांत असते. डिग्रीझिंगनंतर (तेल काढल्यावर) जॉब धुऊन वर धरा आणि अर्धा मिनिट बघा. पाण्याची पातळ साय अखंड राहिली तर जॉब स्वच्छ. कुठं फाटून थेंब झाले तर तिथं तेल किंवा बफिंगचं मेण अजून आहे. या तपासणीला एक पैसा लागत नाही, आणि तरीही ती कुणी करत नाही.

पीएचचंही तेच. निकेल बाथचा पीएच हळूहळू वर जाणं हा त्याचा स्वभाव. ॲनोडवर जवळजवळ सगळा करंट निकेल विरघळवण्यात जातो, जॉबवर मात्र थोडा करंट हायड्रोजन काढण्यात जातो. म्हणून रोज थोडं सौम्य ॲसिड लागतं. तुमच्या टाकीचा पीएच उलटा खाली येत असेल तर खूश होऊ नका. बास्केट रिकाम्या झाल्यात किंवा ॲनोड निष्क्रिय झालाय, असा त्याचा अर्थ. मला विचाराल तर पीएचचं रजिस्टर हा टाकीवरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित इन्स्ट्रुमेंट आहे.

ब्राइटनर घालायचाच असेल तर आधी हल सेल, म्हणजे टाकीची छोटी चाचणी. 267 मिलीचं तिरकं भांडं, त्यात आपल्या टाकीचं पाणी टाकीच्याच तापमानाला, पॉलिश केलेला पत्रा, 2 अँपिअर, 10 मिनिटं. एकाच पत्र्यावर जास्तीपासून कमी करंटपर्यंत सगळी टाकी वाचता येते. त्यात अर्धा मिली ब्राइटनर घालून फरक पडला तर तो टाकीत लिटरला जवळजवळ दोन मिली. इतकं एकदम टाकायचं नाही, अर्धं घालून पुन्हा पत्रा काढायचा. सॅकरिनसारखा कॅरिअर थराचा ताण कमी करतो, लेव्हलर (बारीक ओरखडे भरून थर सपाट करणारा) जास्त झाला की तोच थर ठिसूळ करतो, म्हणून दोन्ही एकाच मापानं ओतणारा माणूस टाकी बिघडवणार हे ठरलेलं. रोजचा डोस अँपिअर-अवर मीटरवरनं, पुरवठादाराच्या शीटप्रमाणं.

एक गोष्ट पुस्तकात फारशी ठळक नसते पण आपल्याकडं वारंवार होते. प्लेटिंग चालू असताना लाईट जाते. दोन मिनिटांनी येते, आणि पोरं रेक्टिफायर (टाकीला डीसी करंट देणारं यंत्र) चालू करून मोकळी होतात. ब्राइट निकेलचा पृष्ठभाग करंट नसताना निष्क्रिय होतो आणि त्यावर चढलेला नवा थर पुढं सोलतो. रॅक बाहेर काढा, धुवा, ॲसिडच्या डुबकीनं पृष्ठभाग पुन्हा सक्रिय करा, मगच टाकीत. लूज हूकमुळं करंट तुटक मिळाला तरी हेच होतं.

अंगाची काळजी घ्यायलाच लागते. निकेलमुळं हातांना खाज आणि इसब होतो, एकदा ॲलर्जी झाली की ती जन्माची. निकेलची संयुगं कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहेत, तेव्हा टाकीच्या वाफेवर वाकून वास घेणं बंद. आपल्याकडचा खरा धोका म्हणजे ग्लोव्हज काढून त्याच हातांनी तंबाखू मळणं. झिंक डायकास्टवर (जस्ताच्या ओतीव जॉबवर) तांब्याचा सायनाइड स्ट्राइक (सायनाइडच्या टाकीतला पहिला पातळ थर) असेल तर त्याच्या आसपास ॲसिडचा कॅनसुद्धा नको. दोन्ही एकत्र आले की जीवघेणा वायू तयार होतो. दोन्हींची धुण्याची पाणीही एकत्र जाऊ द्यायची नाहीत.

सांडपाण्यात निकेलची मर्यादा लिटरला 3 मिलिग्रॅम. निकेलच्या पुढची पहिली धुण्याची टाकी वाहती ठेवू नका. तिचंच पाणी बाष्पीभवनाची तूट भरायला मुख्य टाकीत परत घ्या, पैसा आणि पंचगंगा दोन्ही वाचतात. फक्त लक्षात ठेवा, घाणही त्याच वाटेनं परत येते, म्हणून कार्बन ट्रीटमेंट लवकर लागते. बाकीचं पाणी ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरणात): क्रोमचं पाणी वेगळं, आम्ल करून बायसल्फाइटनं आधी कमी विषारी रूपात आणायचं, मग निकेलच्या पाण्याबरोबर चुना किंवा कॉस्टिकनं पीएच साडेनऊच्या आसपास नेऊन गाळ बसवायचा. कॉस्टिकला जागा आहे ती इथं. गाळ घातक कचऱ्यात मोडतो, त्याची नोंद ठेवून अधिकृत ठिकाणीच द्यायचा.

नोकरी बघायला जाल तेव्हा पगार विचारायच्या आधी एक चक्कर शॉपमध्ये मारा. हल सेल आहे का, आणि असला तर त्यावर धूळ आहे का? पीएच मीटरचा इलेक्ट्रोड ओला ठेवलाय का? रजिस्टरमध्ये तापमान, पीएच, अँपिअर-अवर लिहिलेले दिसतात की नुसतं "ब्राइटनर 2 लिटर" इतकंच? सुरुवातीला तुम्हाला रॅकिंगवर किंवा धुण्याच्या टाक्यांवर ठेवतील. ठेवू देत. कुठला जॉब कुठल्या बाजूनं अडकवला की खाचेत हवा धरतो आणि तिथं निकेल चढत नाही, हे रॅकिंगवरच कळतं.