बॅटरीवरच्या अ‍ॅम्पसाठी बूस्ट मॉड्यूल कसं निवडावं

भजनी मंडळासाठी किंवा लेझीमच्या सरावासाठी बॅटरीवर चालणारा साउंड बॉक्स करायला घेतला की एक सल्ला हमखास मिळतो: ‘दहा अँपियरचं बूस्ट मॉड्यूल टाक, चालून जातं.’ सोलापुरात मी बरीच वर्षं असे बॉक्स बांधतोय, आणि दुरुस्तीला येणारे निम्मे बॉक्स याच सल्ल्यावर बांधलेले असतात. बूस्ट मॉड्यूल म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज वाढवून अ‍ॅम्प्लिफायरला, म्हणजे अ‍ॅम्पला, देणारं सर्किट. त्याचे दहा अँपियर बॅटरीकडून आत येणारे की अ‍ॅम्पकडे बाहेर जाणारे, हे कुणी विचारतच नाही.

आधी बूस्ट लागतोय का ते बघा. १२ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला कागदावर १८ वॅट मिळतात. घरातल्या हरिपाठाला तेवढे पुष्कळ. बॅटरी नवीनच घेणार असाल तर लिथियमचे पाच सेल सिरीजमध्ये लावा, भरल्यावर २१ व्होल्ट मिळतात आणि बूस्टची कटकटच राहत नाही. यूपीएसमधल्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून मात्र फसू नका. चार्जिंग सुरू असताना तो जोड २७ व्होल्टच्या वर जातो आणि अ‍ॅम्पमधल्या टीपीए ३११६ चिपची मर्यादा २६ आहे.

हातात १२ व्होल्टची एकच बॅटरी आहे, स्पीकर ८ ओहमचे आहेत आणि आवाज मैदानभर हवा आहे, तरच बूस्ट घ्या.

आता हिशोब. मी इथेच चुकलो होतो. एकादशीच्या भजनासाठी केलेला बॉक्स घरी दोन दिवस उत्तम चालला. देवळात दीड तासानंतर पखवाजाच्या प्रत्येक धुमला अ‍ॅम्प बंद पडून पुन्हा चालू व्हायला लागला. मी स्पीकर बदलले, अ‍ॅम्प बदलला, तरी तेच. शेवटी मीटर बॅटरीवर लावला तेव्हा कळलं: बॅटरी उतरत होती, आणि ती उतरेल तसं मॉड्यूल तिच्याकडून जास्त करंट ओढत होतं. बाहेर तेवढीच पॉवर द्यायची तर आत व्होल्टेज कमी झाल्यावर करंट वाढणारच. करंट वाढला की बॅटरी आणखी बसते, बारीक वायरीत आणखी व्होल्ट पडतात आणि अ‍ॅम्प झोपतो.

म्हणून हिशोब भरलेल्या बॅटरीवर करू नका, उतरलेल्या बॅटरीवर करा. २४ व्होल्टवर ८ ओहमचे दोन स्पीकर, प्रत्येकी ३० वॅट धरा. झाले ६०. अ‍ॅम्पची कार्यक्षमता ९० टक्के, म्हणजे त्याला ६७ वॅट लागणार. बूस्टची ८८ टक्के धरली तर बॅटरीकडून ७६ वॅट. साडेदहा व्होल्टवर आलेल्या बॅटरीतून हे ७ अँपियरच्या वर जातं. कॉइलमधला करंट सरासरीच्या वरखाली होतो, त्याचं शिखर साडेआठच्या घरात. मॉड्यूलमधल्या इलेक्ट्रॉनिक स्विचला आणि कॉइलला हा आकडा पेलला पाहिजे.

एक्सएल ६००९ या बूस्ट चिपच्या मॉड्यूलवरचे ४ अँपियर हे आतल्या स्विचचे शिखर आहेत, अ‍ॅम्पला मिळणारे नव्हेत. या कामाला ते पुरत नाही. एमटी ३६०८ तर २ अँपियरचं, ते बघूही नका. मी छापील आकडा निम्मा धरतो. इनपुट १५ ते २० अँपियर लिहिलेलं, जाड तारेची कॉइल आणि मोठा हीटसिंक असलेलं मॉड्यूल घेतो.

‘मोठा कपॅसिटर लाव, बास सांभाळून घेतो’ हा सल्लाही मला पटत नाही. ४७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला ६७ वॅटचा लोड एकट्याने पेलताना २४ वरून २२ व्होल्टवर यायला ३ मिलिसेकंद लागतात. पखवाजाची धुम त्याच्या कितीतरी पट लांब घुमते. कपॅसिटर लावा, पण कमजोर मॉड्यूल त्याने सबळ होत नाही. उलट फार मोठा लावला तर स्विच चालू करताना तो भरण्यासाठी एवढा करंट धावतो की लिथियम पॅकचं संरक्षण सर्किट पुरवठा तोडतं.

चाचणी उन्हाळ्याची करा. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तासभर चालवून पास केलेलं मॉड्यूल मे महिन्यात, पारा ४२च्या वर असताना, बंद लाकडी खोक्यात तापून दगा देतं. हीटसिंकला वारा लागेल अशी जागा ठेवा.

जोडणी सोपी आहे. बॅटरीपासून अडीच चौरस मिलिमीटरची वायर, लांबी कमीत कमी. बॅटरीच्या प्लसवर १० अँपियरचा फ्यूज हवाच, कारण साध्या बूस्टमध्ये बॅटरीपासून कॉइल आणि डायोडमधून सरळ वाट असते. पुढे शॉर्ट झाला तर मॉड्यूल तो अडवू शकत नाही.

अ‍ॅम्प जोडण्याआधी मॉड्यूलवरचा प्रीसेट (व्होल्टेज ठरवणारा छोटा स्क्रू) फिरवून आउटपुट मीटरवर २४ करा. नवीन मॉड्यूल तिशीच्या पुढे सेट केलेलं येऊ शकतं. मी न बघता जोडून एक अ‍ॅम्प जाळला आहे.

गाणं थांबल्यावर बारीक शिट्टी ऐकू आली तर स्पीकरला दोष देऊ नका. बूस्ट आणि अ‍ॅम्प दोघेही ४०० किलोहर्ट्झच्या आसपास स्विच करत असतील तर त्यांच्यातला थोडासा फरक कानाला ऐकू येतो. दोघांच्या मध्ये एक कॉइल आणि एक कपॅसिटर टाका, आणि सगळ्यांचे मायनस एकाच बिंदूवर आणा. ब्लूटूथ लावल्यावरच आवाज येत असेल तर त्याला आयसोलेटेड (आत-बाहेरचे मायनस वेगळे ठेवणाऱ्या) डीसी-डीसी मॉड्यूलमधून वेगळा पुरवठा द्या.