फुकटचा अँटिव्हायरस आधीच आत असतो

सांगलीत कुठेतरी झेरॉक्स काढून पेन ड्राइव्ह घरी आणला, की कधीकधी त्यातले सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसतात. मग 'फ्री अँटिव्हायरस' शोधून दिसेल ते टाकलं जातं. गरज नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर फुकट येतोच, घरच्या वापराला तो पुरतो.

१. लॅपटॉपसोबत चाचणीपुरता आलेला दुसरा अँटिव्हायरस असेल तर सेटिंग्जमधल्या ॲप्समधून काढा, रीस्टार्ट करा. तो असेपर्यंत डिफेंडर सहसा बाजूला बसतो.

२. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू आहे ना, बघा.

३. पेन ड्राइव्ह उघडण्याआधी त्यावर राइट क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करा. पर्याय दिसला नाही तर 'शो मोअर ऑप्शन्स'खाली असतो. शॉर्टकटवर डबल क्लिक अजिबात नको, व्हायरस तिथूनच मशीनमध्ये शिरतो. खरे फोल्डर बहुतेक वेळा नुसते लपवलेले असतात. 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स'वर टिक केली की दिसू शकतात. तरी नाही दिसले तर फोल्डर ऑप्शन्समधल्या 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स'वरची टिक काढून बघा. घाबरून फॉरमॅट मारू नका!

एक मात्र ध्यानात ठेवा: विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीनला झेपत असेल तर ११ घ्या.