मुलाखतींच्या संशोधनात ओपन सायन्स: सुरुवात संमतिपत्रापासून

ओपन सायन्सचा, म्हणजे संशोधनाचा डेटा आणि पद्धत इतरांसाठी खुली ठेवण्याचा, गाजावाजा झाला तो आकड्यांच्या संशोधनामुळे. मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले आणि जेमतेम ३६ टक्क्यांत लक्षणीय निकाल हाती आला, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. मुलाखती घेणाऱ्याला हा निकष लावून उपयोग नाही. तोच माणूस पुढच्या महिन्यात तीच गोष्ट वेगळी सांगतो, आणि त्यात खोटं काहीच नसतं. आपल्याला विचारायला हवं ते एवढंच, की निष्कर्षापर्यंत आपण कसे आलो हे दुसऱ्याला दिसतंय का?

डेटा शेअर करायचा विचार पेपर लिहून झाल्यावर सुचला तर फार उशीर झालेला असतो. संमतिपत्रातच वेगवेगळे पर्याय द्या: फक्त या अभ्यासापुरतं, पेपरात उतारे चालतील, अख्खी मुलाखत इतर संशोधकांना चालेल. मी हा प्रश्न मुलाखत संपल्यावर पुन्हा विचारते, कारण आपण काय काय बोलून गेलो हे माणसाला तेव्हाच कळलेलं असतं.

नाव खोडलं म्हणजे ओळख लपली असं नाही. ‘आमच्या शाळेतली मी एकटीच बाई शिक्षक, आणि त्या अपघातानंतर...’ या वाक्यात नाव कुठेच नाही, तरी शाळेतला कोणीही ओळखेल. तिथे चौकटी कंसात [कामाच्या ठिकाणी अल्पसंख्य] असं लिहायचं आणि बदलांची यादी वेगळी, कुलूपबंद ठेवायची. काही मुलाखती कितीही झाकल्या तरी उघड्याच राहतात. त्या देऊ नका, का दिल्या नाहीत ते लिहा. हेही ओपन सायन्सच आहे.

मुलाखती देता आल्या नाहीत तरी विश्लेषणाची वाट दाखवता येते. ‘लाज’ आणि ‘अपराधीपणा’ हे कोड (उताऱ्यांना आपण दिलेली नावं) एकत्र का केले, कोणत्या उताऱ्यामुळे पुन्हा वेगळे केले, हे तारखेसह मेमोत, म्हणजे विश्लेषणाच्या टिपणात, लिहा. दोन कोडर, म्हणजे कोड लावणारे, किती सहमत आहेत हे सांगणारा ‘कप्पा’ (kappa) नावाचा आकडा मागणारे परीक्षक भेटतील. रिफ्लेक्सिव्ह थीमॅटिक अॅनालिसिस (मुलाखतींतली सूत्रं शोधताना संशोधकाची स्वतःची नजरही विश्लेषणाचा भाग मानणारी पद्धत) करत असाल तर तो आकडा तिथे का बसत नाही, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा.

प्रीरजिस्ट्रेशनसाठी, म्हणजे अभ्यासाचा आराखडा आधीच नोंदवण्यासाठी, ओएसएफ (ओपन सायन्स फ्रेमवर्क) या संकेतस्थळावर गुणात्मक, म्हणजे मुलाखतींसारख्या, अभ्यासाचा नमुना मिळतो. त्यात गृहीतक लागत नाही. प्रश्न, आपली भूमिका आणि सुरुवातीचा आराखडा पुरतो. आराखडा बदलला तर बदल नोंदवायचा. कल्पना कोणी उचलेल अशी धास्ती असेल, तर नोंदणी चार वर्षांपर्यंत झाकून ठेवता येते.