घरच्यांना 'रिटर्न ऑफ द किंग' दाखवायचाय? आधी त्यांना नीट ताटकळत ठेवा

हे अशा लोकांसाठी आहे ज्यांची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची पारायणं झालीयेत आणि आता बायकोला, धाकट्या भावाला नाहीतर रूममेटला पहिल्यांदा दाखवायचा चंग बांधलाय. तुमचा प्लॅन काय असणार ते मला माहितीये, रविवारी सकाळी लवकर सुरू करायचं, तिन्ही भाग सलग, मध्ये बिर्याणी मागवायची आणि रात्री खल्लास करून झोपायचं. नका करू. एक्स्टेंडेड, म्हणजे डीव्हीडीसाठी जादा सीन घालून लांबवलेली व्हर्जन धरली तर नुसता सिनेमाच साडेअकरा तासांच्या आसपास जातो, नवा माणूस दुसऱ्या भागातल्या हेल्म्स डीपच्या लढाईपर्यंत कसाबसा तग धरतो आणि तिसऱ्या भागाला, म्हणजे 'रिटर्न ऑफ द किंग'ला, तो फक्त देहाने सोफ्यावर असतो. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा घाट घातला तोच भाग पेंगत बघायचा.

आणि मुळात हे सिनेमे लोकांनी असे बघितलेच नव्हते ओ. शूटिंग तिन्हींचं एकत्र झालं, न्यूझीलंडमध्ये, ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २०००, पण रिलीज दर डिसेंबरला एकच, २००१, २००२ आणि २००३. मधलं अख्खं वर्ष नुसती वाट बघायची. त्यात न्यू लाइन स्टुडिओवाले महाहुशार, मार्च २००२ मध्ये थेटरात चालू असलेल्या पहिल्या भागाच्याच शेवटी दुसऱ्याची झलक जोडली, की आले लोक परत तिकीट काढून. नोव्हेंबरात आधीच्या भागाची एक्स्टेंडेड डीव्हीडी यायची, घरी उजळणी व्हायची आणि महिन्याभरात नवीन भाग थेटरात. पुस्तकवाल्यांची तर अजून वाईट अवस्था होती. दुसरा खंड नोव्हेंबर १९५४ ला आला आणि तिसरा थेट ऑक्टोबर १९५५ ला, कारण मूळ पुस्तक लिहिणाऱ्या टोल्किनसाहेबांची परिशिष्टं काही आवरेनात. दुसरा खंड आपल्या हिरोला, फ्रोडोला, कुठल्या अवस्थेत सोडून संपतो ते ज्यांनी वाचलंय त्यांना माहितीये, त्या अवस्थेत त्याला अकरा महिने सोडून लोक आपापल्या नोकऱ्या करत होते.

तर आपल्याला वर्षभर नाही जमणार, पण थोडं तरी ताटकळवायचं. माझा हिशोब असा, पहिला भाग एका शनिवारी, दुसरा पुढच्या शनिवारी आणि मग तिसऱ्याच्या आधी पूर्ण दोन आठवडे गॅप. ही गॅप सोडू नका. दुसरा भाग संपतो तेव्हा फ्रोडोचा वाटाड्या गॉलम झाडीतून चालता चालता स्वतःशीच पुटपुटतो की 'तिच्या' हातून काम करून घेऊ, आणि ती कोण हे कुणी सांगतच नाही. नवा माणूस लगेच विचारणार, ती म्हणजे कोण? तुम्ही गप्प बसायचं. चहा ठेवायला उठायचं वाटल्यास, पण गप्प. त्या एका प्रश्नावर दोन आठवडे आरामात निघतात.

कुठली व्हर्जन दाखवायची

यावरून भांडणं होतात आणि ती होऊ द्यावीत, पण माझं मत ठाम आहे. पहिला भाग कुठलाही चालेल, थिएट्रिकल, म्हणजे थेटरात लागलेली व्हर्जन, १७८ मिनिटं, एक्स्टेंडेड साधारण अर्धा तास जास्त. एक्स्टेंडेडमध्ये एल्फ लोकांमधली गॅलाड्रिएल सगळ्यांना भेटी देते तो प्रसंग नीट आहे, गिमली नावाचा बुटका तिचा एकच केस मागतो आणि ती तीन देते वगैरे, तो हवा असेल तर एक्स्टेंडेड लावा. डिस्कवर बघत असाल तर अंगठीचं काय करायचं यावरची एलरॉन्डची सभा संपून नऊ जणांची टोळी ठरते तिथेच पहिली डिस्क संपते, तो आयता इंटर्व्हल आहे, तिथे जेवून घ्या.

दुसरा मात्र एक्स्टेंडेडच. यात तडजोड नाही. कारण त्यात फारामीरच्या आठवणीतला एक प्रसंग आहे, ऑस्गिलिएथ शहर परत जिंकलेलं असतं, दोघं भाऊ खुशीत बिअर पीत असतात आणि तेवढ्यात बाप येतो. डेनेथॉर, गॉन्डोर राज्याचा कारभारी. थोरल्याला मिठी मारतो आणि धाकट्याकडे असा बघतो की आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. थोरला, म्हणजे बोरोमिर, मध्ये पडून भावाची बाजू घेतो, बाप ऐकत नाही. दोन-चार मिनिटांचा मामला आहे, पण थिएट्रिकलमध्ये हा माणूस थेट तिसऱ्या भागातच उगवतो आणि नव्या माणसाला वाटतं हा म्हातारा उगाच काय खेकसतोय पोरावर. हा प्रसंग बघितलेला असेल तर तिसऱ्यात तो जेवायला बसतो आणि फ्रोडोच्या दोस्ताला, पिपिनला, गाणं म्हणायला लावतो तेव्हा समोरच्याच्या घशाखाली पॉपकॉर्न उतरत नाही.

आणि तिसरा पहिल्यांदा बघताना थिएट्रिकल. हो, माहितीये, एक्स्टेंडेडवाले मारायला धावणार. पण ऐका. (इथून पुढचा परिच्छेद नव्या माणसाला फॉरवर्ड करू नका.) राजगादीचा वारस अरागॉर्न त्या डोंगराच्या आत मेलेल्यांना बोलवायला जातो, थिएट्रिकलमध्ये तो त्यांना विचारतो की काय म्हणता, आणि तिथेच सीन कापलाय. उत्तर कळत नाही. मग पुढे नदीवर ती काळी जहाजं येतात तेव्हा शत्रूच्या ऑर्क सैनिकांइतकाच आपल्यालाही पत्ता नसतो की आत कोण आहे. एक्स्टेंडेडमध्ये ते उत्तर आधीच देऊन टाकलंय, वर कवट्यांचा लोंढा वगैरे, त्यामुळे जहाजांची सगळी मजाच जाते. गंमत म्हणजे कवट्यांचे ते शॉट पीटर जॅक्सनने ऑस्कर घेऊन आल्यानंतर शूट केले, २००४ मध्ये, सिनेमाने ११ पैकी ११ जिंकून झाले होते आणि हा बाबा अजून शूटिंगच करतोय.

थिएट्रिकलचा एक तोटा आहे तो आधीच सांगून टाका. क्रिस्टोफर ली, म्हणजे दुष्ट जादूगार सारुमान, त्याचे सगळे सीन तिसऱ्यातून कापले होते, तेव्हा फॅन लोक जाम चिडले होते आणि लीसाहेब स्वतःही. त्यामुळे 'त्या पांढऱ्या दाढीवाल्याचं पुढे काय झालं' हा प्रश्न येणार. तो टॉवरमध्ये अडकलाय, त्याची पॉवर गेलीये, एवढंच म्हणा. बाकीचं नंतर एक्स्टेंडेड बघताना.

मधले दोन आठवडे

या दिवसांत नव्या माणसाचा फोन हा तुमचा शत्रू. एकदा दोन भाग बघितले की अल्गोरिदमला वास लागतो आणि रील्समध्ये नेमके तिसऱ्या भागाचेच सीन येतात, ते सगळ्यात फेमस वाक्य तर पहिल्याच दिवशी येतं. त्याला सांगा नाव सर्च करू नकोस, कुणाचं काय झालं ते गूगल करू नकोस, नटांचे इंटरव्ह्यू नकोत. ट्रेलर अजिबात नको. २००३ च्या सप्टेंबरात तिसऱ्याचा ट्रेलर न्यू लाइनच्याच दुसऱ्या एका सिनेमाच्या आधी लावला होता तेव्हा लोक तेवढ्यासाठी तिकीट काढून गेले होते, पण ते बिचारे नऊ महिने उपाशी होते, आपल्याला गरज नाही. तसं बघितलं तर सगळ्यात मोठा स्पॉयलर नावातच आहे. टोल्किनला स्वतःलाही हे नाव नको होतं, त्याला 'वॉर ऑफ द रिंग' ठेवायचं होतं, प्रकाशकाने ऐकलं नाही. पण राजा परत येणार कळलं म्हणून काही बिघडत नाही, येईपर्यंत काय काय होतं ते कळायला नको.

मग करायचं काय? म्युझिक ऐकवा. संगीतकार हॉवर्ड शोअरचं काम असं आहे की तुम्ही काही न सांगता ते डोक्यात बसतं. पहिल्या भागात एलरॉन्डच्या सभेत बोरोमिर बोलायला उठतो तेव्हा मागे गॉन्डोरची धून हळूच येऊन जाते, कुणाच्या लक्षातही येत नाही. तीच धून तिसऱ्यात चांगला जादूगार गँडाल्फ पिपिनला घेऊन गॉन्डोरच्या राजधानीच्या, मिनास तिरिथच्या गल्ल्यांमधून घोडा वर वर काढतो तेव्हा पूर्ण जोरात वाजते. जेवताना, गाडीत, कुठेही लावून ठेवा, 'हे कुठलंय' असं विचारलं तर 'पहिल्या भागातलं' म्हणा आणि विषय बदला. रोहन, म्हणजे घोडेस्वारांच्या राज्याची ती व्हायोलिनसारखी धून पण लावा, ते हार्डेंजर फिडल नावाचं नॉर्वेचं वाद्य आहे.

दुसरं म्हणजे वस्तूंची आठवण. तिसऱ्या भागात माणसांपेक्षा वस्तू जास्त दगा देतात, म्हणजे कुठून आली तेच आठवत नाही. तेव्हा आदल्या दिवशी गप्पा मारता मारता एवढं काढा की बिल्बोने फ्रोडोला आतून घालायला काय दिलं होतं, गॅलाड्रिएलने बाटलीत काय दिलं होतं, एलरॉन्डच्या घरी, रिव्हेंडेलमध्ये, बोरोमिरचं बोट कापलं ती तलवार कुणाची आणि ती मोडलेली का होती, सारुमान ज्या काळ्या गोळ्यात बघायचा त्याला काय म्हणतात. परीक्षा घेतल्यासारखं विचारू नका, भाव खाल्ल्यासारखं वाटतं. तुम्हालाच आठवत नाहीये असं नाटक करा, समोरचा आपोआप सांगतो.

वाचणारा माणूस असेल तर पुस्तकाची आठवण येणारच. मुग्धा कर्णिकांनी हे सगळं 'स्वामी मुद्रिकांचा' नावाने मराठीत आणलंय, ते सिनेमा संपल्यावर भेट द्यायला झकास, मधल्या गॅपमध्ये हातात नको. आणि ग्रुपमध्ये एक पुस्तकवाला असतोच, जो दर दहा मिनिटांनी 'पुस्तकात असं नाहीये' म्हणतो. त्याला बोलवा, पण मागच्या रांगेत बसवा आणि त्याच्या हातात सतत काहीतरी खायला द्या.

प्रत्यक्ष त्या दिवशी

री-रिलीजमध्ये थेटरात लागला असेल तर कसलाही विचार न करता तिकडेच जा. नसेल तर कुणाचा तरी प्रोजेक्टर उसना आणा, लाइट घालवा, आणि लॅपटॉपवर तर बघूच नका, पेलेनॉरच्या मैदानातल्या लढाईत सहा हजार घोडे पंधरा इंचात मुंग्यांसारखे दिसतात. इंग्लिश सबटायटल चालू ठेवा, गॉलमचं आणि गिमलीचं अर्धं बोलणं त्याशिवाय कळत नाही. घरात कुणाला इंग्लिशचा कंटाळा असेल तर डब बघायला हरकत नाही, मात्र मग तिन्ही डबच, मध्येच आवाज बदलले की घोळ होतो.

वेळेत बसा, हे विशेष करून थेटरवाल्यांसाठी. हा सिनेमा लढाईने सुरू होत नाही. दोन माणसं होडीत बसून मासे पकडतायत, हसतायत, एकाचा वाढदिवस आहे, इतकं साधं. पॉपकॉर्नच्या लायनीत राहिलात तर ते चुकलं, आणि ते चुकलं की शेवटचा डोंगरावरचा प्रसंग अर्धाच लागतो.

थिएट्रिकल झाला तरी २०० मिनिटं, वर जाहिराती आणि इंटर्व्हल, म्हणजे चार तास धरून चला. सुरुवातीला मोठा कोल्ड्रिंक घेणारा माणूस नेमका तेव्हाच उठतो जेव्हा डोंगराडोंगरावर मशाली पेटत जातात, मी बघितलेत असे लोक आणि परत आल्यावर 'काय झालं?' म्हणून विचारतात तेव्हा काय सांगणार, आग लावली म्हणून? इंटर्व्हलला सगळ्यांना सक्तीने उठवा, लहान मुलांसारखं, लागलेली असो वा नसो.

मोठे कोळी बघून ज्यांची खरोखर फाटते अशांना फक्त एवढंच सांगा की एका बोगद्यात फ्रोडो एकटा पडला की डोळे मिटायची मुभा आहे. हा स्पॉयलर नाही, माणुसकी आहे.

शेवटाबद्दल मात्र आधी बजावून ठेवा, कारण अंगठीचं जे व्हायचं ते झालं की पुढेही बराच वेळ सिनेमा चालतो आणि मध्ये मध्ये पडदा काळा होतो. दर वेळी कोणीतरी उठून बॅग शोधायला लागतं. आपल्याकडे पाहुणे 'बरं, निघतो आता' म्हणून उठतात आणि मग चपला घालून दारात अर्धा तास उभे राहतात ना, तसंच आहे ते, खरं बोलणं दारातच होतं. म्हणून लाइट लागेपर्यंत कुणीही हलायचं नाही. नंतर टायटल्सना अॅनी लेनॉक्सचं गाणं आहे आणि बाजूला ॲलन लीने काढलेली सगळ्या नटांची पेन्सिल स्केचेस येतात, ती पण बघायची.

संपल्यावर लगेच 'कसा वाटला?' विचारू नका. निदान पार्किंगपर्यंत तरी.

आणि एक्स्टेंडेड तिसरा कधी? मूळ फॅन लोकांना तो डिसेंबर २००४ मध्ये मिळाला, म्हणजे थेटरनंतर वर्षाने. तुम्ही पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत ठेवा. तेव्हा कुठे २६३ मिनिटं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, त्यातला शेवटचा चांगला मोठा तुकडा नुसत्या नावांचा आहे, तेव्हाच्या अधिकृत फॅन क्लबच्या मेंबरांची नावं टायटल्समध्ये टाकलीयेत, तेवढं पळवलं तरी चालतं. हॉबिटचे तीन भाग त्याच्याही नंतर, आणि ते एकाच दिवसात उरकले तरी माझी काही तक्रार नाही.